हुतूतूचा म्होरक्या आणि कुरणाची राखण

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती, ते विचारू नका. मला सांगणाऱ्यालाही ठाऊक नव्हतं.

एका नदीकाठी दोन गावं होती आणि दोघांच्या मधे एकच हिरवंगार कुरण. दरसाल दोन्ही गावांत हुतूतूचा सामना होई. जिंकेल त्या गावाच्या गाईंनी वर्षभर कुरणात चरायचं, हरेल त्या गावाच्या गाईंनी माळावरची कुसळं चघळायची.

अलीकडच्या गावाच्या संघाचा म्होरक्या होता रखमाजी. चढाईला कुणी जायचं ते तो ठरवी. माणूस देवासारखा. आणि चढाईला तो पाठवी कुणाला? ज्याचं तोंड उतरलेलं दिसेल त्याला!

"तुझी सासू रुसलीय ना? जा बाबा, एक चढाई करून ये. मनाला बरं वाटेल."

गडी जायचा आणि तिकडेच बाद व्हायचा. मग रखमाजी आधी समोरच्या गड्यांना पाणी द्यायचा. म्हणायचा, "दमला असाल."

तीन वर्षं गाव हरलं. गाईंच्या बरगड्या दिसू लागल्या. पण कुणी "म्होरक्या बदलू या" म्हटलं, की दहाजण अंगावर धावून जात. "माझी आई आजारी होती, तेव्हा पुरातून वैद्याला खांद्यावर घेऊन आला तो! असं बोलताना लाज नाही वाटत?"

बोलणाऱ्याला लाज वाटे. गाव पुन्हा हरे.

शेवटी साळूआत्या गवळण पारापाशी येऊन उभी राहिली. तिची एक गाय त्या सकाळी उठलीच नव्हती.

"रखमाजी, लेका," ती म्हणाली, "मी मरेन तेव्हा माझ्या तोंडात पाणी तूच घाल. पण खेळातलं तुला ओ का ठो कळत नाही."

सगळे चपापले. रखमाजीच्या डोळ्यांत पाणी आलं.

"आत्या, कुणीतरी हे म्हणेल म्हणून तीन वर्षं वाट बघतोय मी! तुम्हांला मला काढवेना आणि मला नाही म्हणवेना."

मग हैबती म्होरक्या झाला. हा एक नमुनाच होता. शेजाऱ्यांच्या कोंबड्या पळवायचा, धडधडीत खोटं बोलायचा, म्हाताऱ्यांवर खेकसायचा. पण समोरच्या गड्याच्या पायांकडे एकदा बघितलं, की तो कुठे वळणार ते अचूक सांगायचा. त्या वर्षी गाव जिंकलं.

इथवर सगळं ठीक होतं. पण जिंकल्यावर लोकांना हैबती फारच आवडायला लागला. कुणाची कोंबडी गेली तर ती आपणहून गेली असेल, हैबतीराव तर खेळाच्या विचारात असतात, असं लोक म्हणू लागले. हो, आता तो हैबतीराव झाला होता! एवढ्यावर न थांबता गावाने कुरणाची राखणही त्यालाच दिली.

महिन्याभरात पलीकडच्या गावाच्या गाई रोज पहाटे कुरणात चरू लागल्या, आणि हैबतीच्या घरी रोज तिकडून लोण्याचा गोळा येऊ लागला. इकडच्या गाईंना पुन्हा कुसळं!

पारावर गर्दी जमली. अर्धे ओरडले, "हाकला हैबतीला मैदानावरून!" उरलेले म्हणाले, "राखण रखमाजीला द्या. देवमाणूस आहे!"

रखमाजी घाईघाईने उठला आणि त्याने हात जोडले. "नको! पलीकडची वासरं केविलवाणं बघतील आणि मीच फाटक उघडून देईन."

आयुष्यात पहिल्यांदाच तो कशाला तरी नाही म्हणाला होता.

साळूआत्या म्हणाली, "हैबत्या मैदानात राहू दे, पण कुरणात त्याचं पाऊल नको. रखमाजी, तू आजाऱ्यांपाशी बैस. राखण मी करते. मला गोड बोलता येत नाही, आणि लोणी माझं मलाच पुरून उरतं."

तिने काठी घेतली. पहिला फटका गाईला नाही, चोरून फाटक उघडायला आलेल्या हैबतीला बसला.

पुढच्या सामन्यात हैबतीने लंगडत लंगडत गावाला पुन्हा जिंकून दिलं. साळूआत्याने सगळ्यांआधी जाऊन त्याच्या पाठीवर शाबासकीची थाप मारली. काठी मात्र तिने खाली ठेवली नाही.

म्हणून, लहानथोर मंडळींनो, माणूस भला आहे म्हणून त्याला न येणारं काम देऊ नये, आणि काम चांगलं करतो म्हणून माणसाला भला समजू नये.