झोळीतला ठिपका

"पण तो गेल्यावर कुठं असतो, हे तुम्हाला कळतं कसं?"

प्रतापराव मगदुमांनी हे विचारलं तेव्हा केदारनाथ झोळी खांद्याला अडकवत होता. टेकडीवरच्या त्या मठात चूल नव्हती. केदारनाथ सकाळी खालच्या वस्त्यांवर भिक्षेला जायचा, दुपारी परत यायचा, आणि येईल ते गुरुशिष्य वाटून खायचे.

"कळत नाही," सिद्धनाथबुवा म्हणाले.

"मग आल्यावर विचारता तरी?"

"कशाला? भाकरी आणतो की."

प्रतापराव हसले. हसणं वरवरचं होतं. माणूस आतून पार कातावलेला होता.

त्यांचा फवारणी पंपांचा कारखाना होता. रंगराव खोत हा त्यांचा जुना विक्रेता, त्यांच्या वडिलांच्या हाताखाली तयार झालेला. जतच्या पलीकडचा सगळा कोरडा मुलूख तो एकटा सांभाळायचा. कारखान्याची निम्मी विक्री त्याच्या जिवावर चालायची. तरी प्रतापरावांना एक गोष्ट कुरतडत होती. हा खोत दिवसभर करतो काय?

म्हणून त्यांनी सॉफ्टवेअर घ्यायचं ठरवलं. दोन पसंतीला उतरली होती. एक नकाशावर माणसाचा ठिपका दाखवायचं, दुसरं प्रत्येक दुकानात फोटो काढायला लावायचं. ठिपक्याचं काही दिवस वापरून पाहिलं, तर खोतचा ठिपका एकेका दुकानात तास तास ठाण मांडून बसलेला. प्रतापराव फोनवर फोन करत राहिले. शेवटी खोत शांतपणे म्हणाला, "यातलं कुठलंही घ्या, साहेब. घेणार असाल तर तेवढं उद्या सांगा. मी नमुन्यांची बॅग आणून देतो."

तो उद्या म्हणजे आजचा दिवस.

वडील अशा पेचात बुवांकडे यायचे, म्हणून प्रतापरावही आले होते. पण त्यांना सल्ला नको होता, होकार हवा होता. असे लोक मठात बरेच येतात.

"खोत गेला तर?" बुवांनी विचारलं.

"तर माझा उजवा हातच जाईल." प्रतापराव खरं बोलले. "पण बुवा, जो माणूस दिसतच नाही, त्याच्यावर विश्वास तरी किती ठेवायचा?"

बुवा केदारनाथाच्या झोळीकडे पाहत राहिले.

"थांबा, तुम्हाला दाखवतोच." प्रतापरावांनी बॅगेतून दुसरा एक फोन काढला. "यात ते सॉफ्टवेअर आहे. हा झोळीत टाकू. तुमचा शिष्य कुठं कुठं जातो ते इथं बसून माझ्या फोनवर बघा. एका जागी रेंगाळला, की झोळीतला फोन आपोआप वाजतो."

केदारनाथाने गुरूकडे पाहिलं. बुवांनी मान डोलावली. फोन झोळीत गेला.

थोड्या वेळाने ठिपका टेकडी उतरू लागला. बुवा डोळे बारीक करून वाकले.

"इथं ओढ्याकाठी चिंच आहे. ती कुठाय?"

"झाडं दिसत नाहीत, बुवा. रस्ता दिसतो."

"बरं."

ठिपका पहिल्या वस्तीवर पोचला आणि थांबला. थांबूनच राहिला...

"हे बघा. रेंगाळला."

"वाढणारीचे हात पिठात असतात," बुवा म्हणाले. "एकदा हाक द्यायची आणि गप उभं राहायचं. आमची रीत आहे ती."

"किती वेळ उभं राहायचं?"

"तिचे हात मोकळे होईपर्यंत."

प्रतापरावांना ही सबब वाटली. खोतही असंच काहीबाही सांगायचा, की दुकानातली गर्दी पांगल्याशिवाय दुकानदार आपल्याशी मनातलं बोलत नाही. त्यांनी झोळीतल्या फोनवर स्वतःही फोन लावला. तो उचलला गेला नाही. भिक्षेला गेला की केदारनाथ त्या एका हाकेपलीकडे तोंड उघडत नसे. त्यांनी पुन्हा लावला. ठिपका पुढच्या घराकडे सरकला.

"बघितलंत? लगेच हलला."

"हो... हलला खरा."

मग प्रतापराव रंगात आले. ठिपका थांबला की फोन, हलला की समाधान. नवं खेळणं मिळालेली पोरंही इतकी रमत नाहीत. खोतचं नाव त्यांनी मध्ये दोनदा घेतलं, तेही 'आता कळेल त्याला' एवढ्यापुरतं.

दुपारी केदारनाथ आला. त्याने पाय धुतले आणि झोळी बुवांपुढे ठेवली. झोळीत फोनचा चौकोन तेवढा उठून दिसत होता.

"काय झालं?" बुवांनी विचारलं.

"सगळी घरं झाली, बुवा. रोजच्यापेक्षा लवकरच झाली." केदारनाथाच्या आवाजात तक्रार नव्हती. "दारात उभा राहिलो की झोळी वाजायची. पहिल्या घरची सून पिठाच्या हातानं बाहेर आली. म्हणाली, आधी फोन घ्या, महाराज. आणि आत गेली ती गेलीच. पुढं तर कोणी बाहेरच येईना. शेवटच्या घरची म्हातारी तेवढी आली."

"ती काय म्हणाली?"

केदारनाथ घुटमळला.

"म्हणाली, तुमास्नी मालक हाय व्हय? मग त्योच घालील की जेवाय."



प्रतापरावांना शरम वाटली, आणि ती त्यांच्या चेहऱ्यावर दिसलीही. "माझ्यामुळं झालं हे," ते म्हणाले. "गाडी आहे खाली. गावातून जेवण आणतो."

"नको. इथं झोळीत येईल तेच खायचं असतं."

तेवढ्यात प्रतापरावांचा फोन वाजला. कारखान्यातून मॅनेजर बोलत होता. त्याचा आवाज ओट्यावर सगळ्यांना ऐकू आला.

"साहेब, दोन्ही कंपन्यांची माणसं ताटकळलीत. कुठलं घ्यायचं ते सांगा. आणि खोत आलेत. बॅग घेऊन बाहेर बाकावर बसलेत."

"थांब जरा," प्रतापराव म्हणाले. फोन तसाच कानाला राहिला.

बुवांनी तीन पत्रावळी मांडल्या. एक स्वतःपुढे, एक केदारनाथापुढे, एक पाहुण्यापुढे. मग झोळीत हात घातला, आतला फोन काढला, अंगावरच्या छाटीच्या टोकाने स्वच्छ पुसला आणि प्रतापरावांच्या पत्रावळीवर अलगद वाढला.

"घ्या, मालक. कुठं कुठं गेला, किती वेळ थांबला... सगळं आलंय यात. जेवा."