गड गेला, नाईक

कोणत्या राजाची कोणत्या राजाशी लढाई होती, ते मला विचारू नका. ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्या हाडांचीही माती झाली. फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट आहे, एवढं धरून चला. तेव्हा आपल्या डोक्यावरच्या या उंबरगडावर किल्लेदार होता, फौज होती, उंबरजाईचं देऊळ होतं. आणि खाली काळकड्याच्या खिंडीत गडाची पहाऱ्याची चौकी होती. तिला मेट म्हणत. मूठभर माणसं घेऊन लुमाजी नाईक तिथे असायचा, आणि त्याची बायको धोंडाई इथे, आपल्याच गावात.

मेटाची रीत साधी. रोज सकाळी गडावर देवीची नौबत वाजायची. ती ऐकली की लुमाजी खिंडीतून शिंग फुंकायचा. नौबत म्हणजे गड उभा आहे, शिंग म्हणजे मेट जागं आहे. नौबत वाजतेय तोवर मेट सोडायचं नाही, अशी मेटकऱ्यांनी बेलभंडार उचलून शपथ घेतलेली. शिंग ऐकल्याशिवाय धोंडाई चूल पेटवायची नाही.

मग शत्रूची फौज आली. लुमाजीने खिंड अडवली. असं म्हणतात, की त्याने वरून लोटलेला धोंडा माणूस बघून वळण घ्यायचा. खरंखोटं देवीला ठाऊक, पण खिंड पडली नाही.

पडला तो गड. तोही लढून नाही! किल्लेदाराने तह केला, बायकापोरं आणि दागदागिने पालख्यांत घातले आणि मागच्या दरवाजाने चालता झाला. खाली मेटावर माणसं आहेत, हे त्याच्या ध्यानातच राहिलं नाही. विसरला हो! देवळाबाहेर पायताण विसरावं, तसा विसरला. त्याचं नाव कुणी लक्षात ठेवलं नाही, ते बरंच झालं.

नवा किल्लेदार देवाधर्माचा माणूस होता. धनी बदलला तरी देवीचा मान चुकायला नको, असं त्याने म्हाताऱ्या महिपत गुरवाला सांगितलं. दुसऱ्या दिवशी नौबत नेहमीसारखी वाजली, आणि खिंडीतून शिंगही नेहमीसारखं वाजलं. धोंडाईने शिंग ऐकलं, पण चूल पेटवली नाही. पालख्या उतरताना साऱ्या गावाने पाहिल्या होत्या. खिंडीतून तेवढा तो मागचा दरवाजा दिसत नव्हता.

मागची वाट माणसांपुरतीच होती; शत्रूला धान्याचे बैल वर न्यायला खिंड मोकळी हवी होती. गड आमचा झाला, जीव वाचवा, असे निरोप त्यांनी धाडले. लुमाजीने ते हसण्यावारी नेले. शेवटी त्यांनी धोंडाईला बोलावणं पाठवलं. जबरदस्ती करावी लागली नाही, ती बिचारी धावतच गेली आणि कड्याखाली उभी राहिली.

"अवं, गड गेला," ती ओरडली. "किल्लेदार पळाला. खाली उतरा."

वरून लुमाजीचा आवाज आला, "मग सकाळी नौबत वाजली ती?"

"ती देवीची. गड त्यांचा हाय."

"तुझ्या मानेवर तलवार धरलीया त्यांनी, मला ठावं हाय. भिऊ नगं. गडावरनं मदत येईल. तू घरला जा."

तिच्या मानेवर कुणाचीही तलवार नव्हती. ती घसा बसेपर्यंत ओरडत राहिली, पण वरून पुन्हा उत्तर आलं नाही. जन्माची जोडीदारीण, आणि तिच्या शब्दापेक्षा नौबत खरी ठरली! तरी तिला त्याचा राग आला नाही, असं म्हणतात. त्याच्या जागी ती असती, तर तिनेही हेच केलं असतं.

त्या दिवसापासून हल्ले वाढले. मेटावरचा एकेक माणूस पडत गेला आणि सकाळचं शिंग क्षीण होत गेलं. धोंडाई मागच्या वाटेने गड चढून गेली. तह झालेला, त्यामुळे कुणी अडवलं नाही. तिने महिपत गुरवाचे पाय धरले.

"एक सकाळ नौबत वाजवू नका, बाबा. ती थांबली की ते उतरतील."

महिपत रडला. पण देवीची नौबत त्याच्या सात पिढ्यांनी चुकवली नव्हती. त्याच्या हाताला थांबणं माहीतच नव्हतं. धोंडाई देवळाच्या पायरीवर बसून राहिली. रोज तो रडत रडत नौबत वाजवायचा, आणि रोज खालून लुमाजी साद द्यायचा. आपल्या नवऱ्याला कुणी हाका मारमारून मारतंय, असं तिला वाटायचं.

एका सकाळी तिला ते सोसवेना. महिपतने टिपरू उचललं तशी ती नौबतीवर पालथी पडली आणि दोन्ही हातांनी तिने ती कवटाळली. म्हाताऱ्याने टिपरू खाली ठेवलं. असं म्हणतात, की त्या सकाळी गडावर पाखरूसुद्धा बोललं नाही. धोंडाई श्वास रोखून ऐकत होती. आता त्याला कळेल. आता तो उतरेल.

आणि खिंडीतून शिंग वाजलं. अगदी पहिल्या दिवसासारखं, खणखणीत.

ती पडत-धडपडत खाली आली. खिंडीत लढाई नव्हती. सगळे पडले होते. लुमाजी कड्याला पाठ लावून बसला होता, शिंग ओठाला होतं आणि अंग गार पडलं होतं. शत्रूचे शिपाई म्हणाले, मेट कालच संध्याकाळी पडलं. मग आत्ता शिंग कुणी फुंकलं, असं तिने विचारलं. ते शिपायांनीही ऐकलं होतं.

धोंडाई पुष्कळ जगली. रोज खिंडीत जाऊन एकच गोष्ट सांगत राहिली. ती गेल्यावर ते काम गावाने घेतलं. वर्षातून एकदा, मेट पडलं त्या दिवशी, सारा गाव खिंडीत जातो. गुलाल नाही, नैवेद्य नाही. गावातली सगळ्यांत म्हातारी बाई कड्याखाली उभी राहते आणि वर तोंड करून सांगते, "नाईक, गड गेला. आता खाली उतरा." मग सगळे गप्प उभे राहतात, पोरंसुद्धा.

त्याने अजून ऐकलेलं नाही. म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा जावं लागतं.