पावसातले कोरडे ठसे

दोष सखोजी पाटलाचा. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण कातळघरची म्हातारी माणसं ही गोष्ट सांगताना डोंगराला दोष देतात, धुक्याला देतात, नशिबाला देतात आणि पाटलाच्या नावापाशी आली की तंबाखू मळायला लागतात.

फार फार वर्षांमागे, घाटमाथ्यावर चार चार महिने ऊन पडत नसे तेव्हाची गोष्ट. गावात धाकू चांभार होता. आज त्याला धाकूबाबा म्हणतात. तेव्हा पाटलाच्या पायरीखाली उभा करत. रानात जायला कुणी वहाणा मागितल्या की तो पायाच्या आधी वाट विचारी. "चिखल, वढा का कातळ?" चिखलात जाणाऱ्याला म्हणे, अनवाणी जा, चिखल वहाण गिळतो. ओढ्याच्या वाटेला तो कातड्याला भोकं पाडून देई, शिरलेलं पाणी निघून जावं म्हणून. आणि शेवाळल्या कातळासाठी कोकणातून आलेल्या सुंभाचा पिळदार तळ शिवी. मग दारातल्या काळ्या शिळेवर घागरभर पाणी ओती आणि म्हणे, "चाला." जो घसरे त्याला वहाणा मिळत नसत. धाकूच्या वहाणांनी चाललेला माणूस कड्यावरून कधी पडला नाही, असं म्हणतात.

त्या भादव्यात रानडुकरांनी नाचणी उलथीपालथी केली. पाटलानं शिकार काढायची ठरवली. पण ती पाटलाची शिकार दिसायला हवी ना! त्यानं स्वतःसाठी आणि मुलासाठी, निंबाजीसाठी, जाड तळाच्या, खिळे ठोकलेल्या, लाल गोंड्याच्या, करकर वाजणाऱ्या वहाणा आणवल्या. जत्रेत मिरवायच्या त्या.

"पाटील," धाकू पायरीखालून म्हणाला, "निसटीच्या धारंवर खिळा धरत न्हाई. भिजलं की करकर बी जाईल. मग काय ऱ्हाईल?"

"मी ऱ्हाईन की!" पाटील म्हणाला, आणि ओसरीवरची पांढरी डोकी खिदळली. त्यांतल्या निम्म्यांच्या पायांत धाकूचंच सुंभ होतं.

निंबाजी मात्र आदल्या दिवशी गुपचूप शिळेवर चालून सुंभाच्या वहाणा घेऊन आला होता. निघायच्या वेळी पाटलाला त्या दिसल्या. "दोरी गुरांच्या पायात शोभते," म्हणाला आणि उचलून चुलीत घातल्या.

"आबा, धार वली हाय."

"आन तू कोनाचा हाईस?"

पोरगा वीस-बावीस वर्षांचा. बापाचा शब्द मोडण्यापेक्षा त्याला कडा सोपा वाटला. चुलीत सुंभ जळून गेलं, पण राखेत पीळ तसाच राहिला. पाटलाच्या बायकोनं ती राख कधीच भरली नाही, असं म्हणतात.

दुपारी निसटीच्या धारेवर, दोन्हीकडे दरी असलेल्या त्या अरुंद कातळवाटेवर, धुकं उतरलं. पुढे पाटील, मागे निंबाजी, त्यांच्यामागे हाकारे आणि त्यांत धाकू. भिजलेलं कातडं मुकं झालं होतं. मागची पावलं पाटलाला ऐकू येत नव्हती, त्यामुळे ती कधी थांबली तेही कळलं नाही. वळून पाहिलं तर कातळावर खिळ्यांनी शेवाळ ओरबाडलेलं, आणि खाली नुसतं पांढरं.

हाकारे एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभे राहिले. धाकूनं वहाणांचे बंद आवळले आणि धुक्यात उतरला. त्याला खाली जाताना सगळ्यांनी पाहिलं. वर येताना कुणी पाहिलं नाही. प्रेत ना त्याचं मिळालं, ना निंबाजीचं.

तिसऱ्या दिवशी पाऊस कोसळत असताना दरीतून आवाज आला. कर्र. कर्र. भिजलेली वहाण वाजत नाही हे गावातलं शेंबडं पोरही जाणतं. ही कोरडी होती. "आलो रे निंबा!" म्हणत पाटील कड्याकडे धावला, तोच त्याच्यापुढे हातभर अंतरावर कातळावर ठसा उमटला. सुंभाच्या पिळाचा. पाऊस त्यावर पडत होता आणि तो भिजत नव्हता. मग दुसरा उमटला. चालणारं कुणी नव्हतं. ठसे वळले, गावाकडे निघाले आणि पाटलाचे पाय त्याला न विचारता त्यांच्यामागे निघाले, असं म्हणतात. दाराशी येऊन ठसे थांबले. पायरीखालीच.

पुढे दर पावसाळ्यात हेच. करकर बोलवी, ठसे परत आणीत. धाकूनं पाटलाला मरूसुद्धा दिलं नाही. नव्वदीपर्यंत जगवला.

आता शिकार बंद झाली. पण कातळघरात अजून मृगापासून दसऱ्यापर्यंत वाजणारी वहाण कुणी घालत नाही. पाहुणासुद्धा वेशीवर काढून हातात घेतो. राखणीला जाणारा असो की शहरातून भारी बूट चढवून डोंगर चढायला आलेला, आधी धाकूच्या ओल्या शिळेवर चालून दाखवतो. घसरला तो घरी. धुक्यात करकर ऐकू आली की जागीच थांबायचं, कोरडा ठसा दिसला की त्याच्यामागे जायचं. म्हातारे एकदा शिळेला शेंदूर फासायला आले होते. पोरांनी फासू दिला नाही. तिच्यावर फक्त पाणी पडतं. आणि पावसाळ्यातली पहिली घागर पाटलांच्या भावकीतल्या सगळ्यात म्हाताऱ्यानं ओतायची. अनवाणी. मुकाट्यानं.

सखोजी पाटलाला मुलगा एकच होता. त्या वहाणांपायी तो गेला.