शून्य तक्रारी

कोल्हापुरात पाण्याचे पंप बनवणारी एक कंपनी होती. तिचे मालक दौलतराव इंगवले यांनी बार्शीचं दुरुस्ती केंद्र बंद करायचं ठरवलं. महिन्याभरात बार्शीहून चारशे बारा तक्रारी आल्या होत्या आणि बाकीच्या सहा केंद्रांतून एकही नाही. "आकडे समोर आहेत. आता चर्चा नको," ते बैठकीत गरजले.

हे आकडे कार्यालयात हिशेब ठेवणाऱ्या शर्वाणी लोखंडेनेच काढले होते. बार्शीत एकोणीस मेकॅनिक होते आणि तिथले प्रमुख मैनुद्दीन तांबोळी प्रत्येक फोन उचलून तक्रार लिहून घेत. इतर केंद्रांत फोन कुणी उचलतच नाही, हे तिने कालच फोन लावून पाहिलं होतं. पण मालकांना उलट बोलणाऱ्याची नोकरी राहत नसे.

तरी ती उठली आणि जमलेल्यांकडे वळली. "इथे कुणाची साहेबांबद्दल काही तक्रार आहे?"

चौदा माणसं खाली मान घालून बसली.

"शून्य तक्रारी," शर्वाणी म्हणाली. "साहेब, हाही आकडा खरा धरायचा का?"

दौलतरावांनी एकेकाचा चेहरा न्याहाळला. कुणी वर बघेना. मग त्यांनी स्वतः सांगलीच्या केंद्राला फोन लावला, मग कराडच्या. दोन्ही फोन वाजून वाजून बंद झाले.

"बार्शी राहू दे," ते हळूच म्हणाले. "आणि तांबोळींना विचारा, बाकीच्यांना फोन उचलायला शिकवाल का?"