बिनकडीचं घर

एका गावात, खरं तर गावाच्या वेशीबाहेर, ओढ्याकाठी एक कारागीर राहत होता. तो कातड्याची घरं करायचा. माणसांची नव्हे, पिस्तुलांची. चष्म्याचं असतं ना घर, तसंच पिस्तुलाचं. कमरेच्या पट्ट्याला अडकवायचं आणि आत पिस्तूल ठेवायचं.

गाव घाटाच्या तोंडाशी होतं. घाटात वाटमारे होते, म्हणून गावात पहारेकरी होते, आणि पहारेकऱ्यांच्या कमरेला पिस्तुलं होती. त्या सगळ्या पिस्तुलांना घरं पुरवणारा हा एकटाच.

बाभळीच्या सालीत कमावलेलं कातडं तो ओलं करायचा, पिस्तुलाच्या आकाराच्या लाकडी कलबुतावर ताणायचा, हाडाच्या पट्टीने घोटून घोटून बसवायचा आणि सावलीत सुकवायचा. मग मेण लावलेल्या दोऱ्याने शिवण. सगळ्यात शेवटी तो घराला कडी लावी. कडी म्हणजे पिस्तुलाच्या मुठीवरून येणारी कातड्याची पट्टी आणि तिची पितळी गुंडी. अंगठ्याने गुंडी सोडवल्याशिवाय पिस्तूल बाहेर येत नसे, आणि ती गुंडी तो मुद्दाम घट्ट ठेवी. त्याचा बाप सांगून गेला होता, "पोरा, बिनकडीचं घर म्हणजे घर नव्हे, तो चव्हाटा. गुंडी सोडवताना एक श्वास जातो ना, तेवढ्यात माणसाला समोरचा माणूस दिसतो."

गावाला त्याची घरं हवी होती. त्याच्या घरी यायचं मात्र कुणालाच नव्हतं. कातड्याचा वास येतो म्हणे! पहारेकरी येत, पायरीवर काम ठेवत, नाकाला उपरणं लावून परत जात. तेच कातडं कमरेला बांधून दिवसभर गावात मिरवताना कुणी नाक धरत नसे.

बायको वारल्यापासून कारागिराच्या घरात दुसरा आवाज नव्हता. पिस्तुलांच्या घरांना तो घट्ट कड्या लावी, पण स्वतःच्या दाराला त्याने कधी कडी घातली नाही. न जाणो, कुणी यायचं आणि दार बंद बघून परत जायचं.

येणारा एकच होता. एक बहिरा मेंढका. दिवस कलला की मेंढरं ओढ्यावर पाण्याला लावून तो दारातल्या दगडावर येऊन बसे. कमरेची चंची काढी, तंबाखू मळी आणि निम्मी कारागिराच्या तळहातावर ठेवी.

"काय गड्या, जिवंत आहेस ना?" तो ओरडे. बहिरा असल्यामुळे त्याला सगळं जग बहिरं वाटे.

"आहे बाबा. आज पाठ दुखतेय."

"आठ? आठ नाही, नऊ व्याल्या! नववीचं कोकरू काळंभोर आहे."

कारागीर हसे. पाठीचं राहूनच जाई. मग दोघं अंधार पडेपर्यंत ओढ्याकडे बघत बसत. एवढीच त्याची सोबत होती, आणि खरं सांगायचं तर कारागिराला ती सोबत वाटतच नव्हती. त्याला गावातला पार हवा होता. वडाखालचा तो दगडी पार, तिथली संध्याकाळची गर्दी, हशा, एकमेकांच्या पाठीवरच्या थापा. वारा तिकडून आला की तो हशा ओढ्यापर्यंत ऐकू येई.

एके दिवशी खुद्द फौजदार त्याच्या दारात आला. शेजारच्या गावच्या जत्रेत पिस्तूल काढण्याची पैज लागली होती. फौजदाराचा अंगठा गुंडीत अडकला, दुसऱ्याने तोवर पिस्तूल काढून नेम धरला, आणि सारी जत्रा फौजदाराला हसली.

त्याने कमरेचं घर सोडून कारागिरापुढे टाकलं. "ही कडी काप."

"साहेब, कडी हाच तर माल आहे. बाकी नुसतं कातडं."

"मला शिकवतोस? वाटमारा काय तुझ्या गुंडीसाठी थांबणार आहे?"

"वाटमारा थांबणार नाही, साहेब. तुम्ही थांबावं म्हणून आहे ती."

फौजदार तांबडालाल झाला. पण तो गावाचा फौजदार होता, माणसं कशी वाकतात हे त्याला ठाऊक होतं. त्याने रिकामं अंगण बघितलं, चुलीपाशी पालथं घातलेलं एकच ताट बघितलं. मग तो पायरीवर चक्क बसला. नाक न धरता.

"दिवसभर एकटाच असतोस काय रे?"

कारागिराने कातडं कापायची रापी उचलून तिची धार बघितली.

"आमच्यात येऊन बसत जा की संध्याकाळचा. पारावर. माझ्या शेजारी. बघू कोण नाक मुरडतो ते!" आणि उठता उठता म्हणाला, "येताना ते घर घेऊन ये. बिनकडीचं."

तो गेल्यावर कारागीर कितीतरी वेळ रापी हातात धरून बसून राहिला. बापाचे शब्द आठवले. मग वाऱ्यावरून पारावरचा हशा आला. त्याने डोळे मिटले आणि कडी कापली.

त्या संध्याकाळी तो पारावर बसला. गुळाचा खडा आणि पाणी मिळालं. फौजदाराने उभं राहून पिस्तूल काढून दाखवलं. काढलं कधी ते दिसलंच नाही! लोकांनी टाळ्या पिटल्या. "वा रे पठ्ठ्या," म्हणून कुणीतरी कारागिराच्या पाठीवर थाप मारली. जन्मात पहिल्यांदा. दुसऱ्या दिवशी बाकीचे पहारेकरीही आपापली घरं घेऊन आले, आणि त्याने सगळ्यांच्या कड्या कापल्या. एकदा कापल्यावर हात अडत नाही.

आता तो रोज पारावर जाई. लोक बोलत, तो ऐके. त्याच्याशी फारसं कुणी बोलत नसे, पण गर्दी होती. ओढ्याकाठच्या दगडाची त्याला आठवण झाली नाही असं नाही. झाली. 'उद्या जाऊ,' असं तो म्हणे.

बहिरा मेंढका मात्र रोज येत होता. दार उघडं, घर रिकामं. दगडावर बसून तो एकटाच तंबाखू मळी, निम्मी बाजूला ठेवी, आणि जाताना ती पुन्हा चंचीत भरी. शेवटी त्याला काळजी वाटली. गडी आजारी तर नाही? की वाटमाऱ्यांनी नेला? एका संध्याकाळी त्याने मेंढरं कुत्र्यावर सोपवली, डोक्यावरून घोंगडी घेतली आणि आपला मित्र शोधत तो गावात शिरला.

तिन्हीसांज झाली होती. पारावर वाटमाऱ्यांच्याच गोष्टी रंगल्या होत्या. तेवढ्यात घोंगडी घेतलेला एक माणूस थेट पाराकडे येताना दिसला.

"कोण आहे? थांब!" फौजदार ओरडला.

बहिरा कसला थांबतो? त्याला पारावर आपला मित्र धडधाकट बसलेला दिसला. तो आनंदाने हसला आणि चंची काढायला त्याने कमरेला हात घातला.

कारागिराने ओळखलं. त्याने तोंड उघडलं. पण फौजदाराचं पिस्तूल बाहेर यायला आता एक श्वाससुद्धा लागत नव्हता.

गोळी मेंढक्याच्या उजव्या हाताला लागली. तंबाखू धुळीत सांडली.

मेंढका जगला, हात मात्र गेला. दुसऱ्या दिवशी त्याच पारावर निवाड्यासाठी गाव बसलं.

"अंधार होता हो," एक म्हणाला.

"थांब म्हटलं तर थांबायला नको?"

"कमरेला हात घालायचं कारणच काय म्हणतो मी!"

"फौजदारसाहेब किती हादरलेत बघा. रात्री जेवलेसुद्धा नाहीत."

सगळं बोलून झालं. बहिऱ्याचा बहिरेपणा चुकला, घोंगडी चुकली, तंबाखू चुकली. पिस्तूल ज्याच्या हातात होतं, त्याची चूक मात्र एकानेही काढली नाही. तेव्हा कारागीर उठला.

"कडी यांनी कापायला सांगितली," तो फौजदाराकडे बोट दाखवून म्हणाला, "आणि कापली मी. दोष आम्हा दोघांचा. त्याचा नाही."

लोक फौजदाराच्या तोंडाकडे बघू लागले. फौजदार हळू आवाजात म्हणाला, "इथे बसायला जागा कुणी दिली, विसरलास काय रे?"

"विसरलो नाही. ती परत घ्या," कारागीर म्हणाला आणि पारावरून उतरला. त्याच्यामागे कुणी आलं नाही. एकही नाही.

पण त्यानंतर पारावर एक गंमत झाली. फौजदाराच्या शेजारी बसायला कुणी धजेना. त्याच्यासमोर खिशात हात घालायची भीती, कमरेची चंची काढायची भीती, खाजवायचीसुद्धा भीती. ज्याला त्याला घरी काम निघू लागलं. वडाखाली फौजदार एकटा उरला आणि त्याच्या कमरेचं उघडं घर. मग एके सकाळी कारागिराच्या पायरीवर पहारेकऱ्यांची सगळी घरं येऊन पडली. त्यांत फौजदाराचंही होतं. ठेवणारा नाकाला उपरणं लावून केव्हाच निघून गेला होता.

कारागिराने सगळ्यांना कड्या लावल्या. पूर्वीहून घट्ट. पण त्याआधी त्याने एक वेगळीच वस्तू केली. कातड्याची चंची. जुन्या चंचीला नाडी होती, आणि नाडी एका हाताने सुटत नाही. या चंचीला त्याने पट्टी आणि गुंडी लावली. डाव्या हाताचा नुसता अंगठा लागला की उघडेल, अशी सैल.

मेंढका ओढ्यावर येई, पण आता पल्याडच्या काठावर बसे. कारागीर पाण्यातून पलीकडे गेला आणि त्याने चंची त्याच्यापुढे धरली.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

मेंढक्याने चंची उलटसुलट करून पाहिली. "सुकलं? हो, छान सुकलंय कातडं," तो ओरडला. त्याला खरंच ऐकू आलं नव्हतं की ऐकायचं नव्हतं, ते कुणास ठाऊक. त्याने अंगठ्याने गुंडी उघडून पाहिली, मिटली, चंची कमरेला खोचली आणि मेंढरं वळवून निघून गेला. त्या दिवशी त्याने तंबाखू दिली नाही.

कारागीर घरी आला. दार उघडंच होतं. बरेच दिवस ते नुसतंच उघडं राहिलं.

मग एका संध्याकाळी दारात सावली पडली. मेंढका दगडावर बसला होता. डाव्या हाताने चंची पुढे करून तो ओरडला, "गुंडी घट्ट झालीय गड्या. बघ जरा."

गुंडी घट्ट नव्हती. दोघांनाही ते ठाऊक होतं. कारागीर तिच्यावर अंधार पडेपर्यंत काम करत बसला.

तात्पर्य एवढंच: चारचौघांत बसायला मिळावं म्हणून हातची चांगली रीत मोडू नये. मोडली, तर चारचौघं मिळतात, सोबत मिळत नाही. आणि गोळी लागते ती बहुधा सोबत्यालाच.