धामणगडाचं पांढरं नाणं

धामणगडाला वेढा पडला, तेव्हा गडावरच्या बायकांनी चुलीवरची तपेली उतरवून दिली आणि किल्लेदाराने त्यांचाच तांब्याचा पत्रा कापून नाणी पाडली. ही हकीकत गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण ती नाणी वीस वर्षं शोधून जमवली ती एकट्या गोदूबाई तांबटांनी. तीन पिढ्यांचं कल्हईचं घर त्यांचं!

यंदा शाळेत नाण्यांचं प्रदर्शन भरलं. परीक्षक होते दिगंबरपंत खासनीस. त्यांची स्वतःची धामणगडाची तीस नाणी मधल्या टेबलावर, मखमलीवर आरशासारखी झळकत होती. गोदूबाईंची अकरा नाणी त्यांनी चिमटीत धरून पाहिली आणि नाक मुरडलं.

"एका बाजूला लाल, दुसरीला पांढुरकं! बनावट आहेत बाई. उचला इथून."

वीस वर्षांची पायपीट पाण्यात जाणार, म्हणून बघणारे हळहळले. गोदूबाईंनी मात्र पदर खोचला.

"पंत, हे तांबं आलं कुठून?"

"स्वयंपाकाच्या तपेल्यांतून. एवढंही माहीत नाही?"

"मग पांढरी बाजू तपेल्याची आतली. ती कल्हई आहे. तुमची तीसच्या तीस दोन्ही अंगांनी लाल! बिनकल्हईच्या तांब्यात रोज आंबट आमटी रटरटून विष झाली असती, तर शत्रूला वेढा घालायची गरजच नव्हती. गड आमटीनेच पडला असता!"

सगळी शाळा खदखदून हसली. पंतांनी मखमल गुंडाळली, आणि रिकाम्या झालेल्या मधल्या टेबलावर गोदूबाईंनी आपली अकरा नाणी ऐटीत मांडली.