खाल्लं म्हणणाऱ्या पायऱ्या

रोक्काव्हेंता हे इटलीतलं डोंगरमाथ्यावरचं एक जुनं गाव. गावाच्या ऐन मध्यात, मोठ्या चर्चच्या मागच्या अंगाला एक अरुंद गल्ली आहे आणि तिच्या तोंडाशी पाव भाजायची एक दगडी भट्टी. आता ती विझलेली असते, पण आतला दगड अजून काळाकुट्ट आहे. भट्टीला लागून एकसष्ट पायऱ्या वर जातात आणि एका खोलीपाशी संपतात. त्या खोलीला दार नाही. पाहुण्यांना गाव पायी हिंडवून दाखवणारे वाटाडे एरवी घड्याळाकडे बघत सगळ्यांना पळवतात, पण इथे आले की ते स्वतः आधी बसतात आणि मग इतरांना बसा म्हणतात.

इचलकरंजीहून आलेल्या सहलीचा वाटाड्या होता दोनातो नावाचा सत्तरी ओलांडलेला म्हातारा. तो त्याच्या भाषेत बोले आणि सहलीबरोबर आलेली मुग्धा करंदीकर ते मराठीत सांगे. सकाळपासून तीन चर्चं, दोन कारंजी आणि एक बुरूज पाहून झाला होता. कुठल्या चर्चमध्ये कुठलं चित्र, याचा निम्म्या मंडळींच्या डोक्यात काला झालेला होता, आणि उरलेल्या निम्म्यांच्या पोटात कावळे ओरडत होते. त्यामुळे दोनातोने पिशवीतून गोल पाव काढला तेव्हा सगळे सरसावून बसले. त्याने हरभऱ्याएवढा एकेक तुकडा तोडून प्रत्येकाच्या तळहातावर ठेवला.

"एवढासाच?" भालचंद्र खटावकर म्हणाले.

"खायचा नाहीये काका," मुग्धा म्हणाली. "नुसता धरून ठेवायचाय. पायऱ्या चढून वर न्यायचाय."

वर जायचं म्हटल्यावर खटावकरांच्या पत्नीने, शरयूताईंनी, दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. त्या खाली भट्टीपाशीच बसणार हे उघड होतं. दोनातोने ते पाहिलं, मान हलवली आणि मगच सांगायला सुरुवात केली.

फार जुनी गोष्ट आहे म्हणे. तेव्हा घरोघरी भट्ट्या नव्हत्या. सगळ्या गावाची भट्टी ही एकच. बायका घरी कणीक मळून आणायच्या आणि आपला पाव ओळखू यावा म्हणून त्यावर आपल्या घराचा लाकडी शिक्का उमटवायच्या. कुणाचा कोंबडा, कुणाची किल्ली, कुणाचा मासा. ही भट्टी ओर्सोला नावाची बाई सांभाळत असे. वर जी खोली आहे ती तिची. पाव आत सरकवायचे, भाजायचे आणि मग सगळ्यांच्या देखत दार उघडून लांब दांड्याच्या फळीने एकेक बाहेर काढायचा, शिक्का पाहायचा, ज्याचा त्याच्या हाती द्यायचा. शिक्का नीट दिसला नाही तर ती मोठ्याने विचारी, "कुणाचा?" बावीस वर्षं तिने हेच केलं. तिच्या हातून कधी कुणाचा पाव कुणाकडे गेला नाही, असं सांगतात.

एका हिवाळ्यात शेजारच्या राजाच्या फौजेने गावाला वेढा घातला. खालच्या ऑलिव्हच्या बागांत तंबू पडले. गावाच्या दरवाजातून कुणी बाहेर पडला की त्याच्यावर बाण सुटे. पहिल्याच महिन्यात ओर्सोलाचा नवरा तटावर लढताना मारला गेला. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं झालं, कारण तिसऱ्या महिन्यात पंचांनी नवा नियम काढला: ज्या घरचा माणूस तटावर उभा आहे त्याच घराला पीठ मिळेल. बाकीच्या घरांचे शिक्के पंचांनी काढून घेतले. ज्याला शिक्का नाही त्याला पाव नाही. ओर्सोलाचा शिक्का ज्या दिवशी गेला त्या दिवशी तिच्याकडे सहा वर्षांची एक मुलगी होती, तेक्ला, आणि दुसरं काहीही नव्हतं.

तेक्लाला तिने आधी चामड्याचा पट्टा उकळून पाणी पाजलं. मग चिंचोक्यासारखी कसली तरी बी भाजून दिली. पोरीला ताप भरला, मग ती रडेनाशी झाली, आणि आईला सगळ्यात जास्त भीती वाटली ती या न रडण्याची. भरल्या भट्टीशेजारी उभं राहायचं, चाळीस घरांचे पाव भाजायचे, त्यांचा वास अंगाला घेऊन वर जायचं आणि पोरीच्या शेजारी रिकाम्या हातांनी बसायचं. पोर तिच्या बाहीला नाक लावून झोपायची म्हणे.

ओर्सोला पंचांपुढे गेली. पंचांचा मुखिया रुज्जेरो वाईट नव्हता, पण नियमावर बोट ठेवून चालणारा होता. तो म्हणाला, "तुला दिलं तर उद्या दारात शंभर विधवा उभ्या राहतील." ते खरंच होतं.

दुसऱ्या दिवशी तिने ते केलं. पाव आत सरकवता सरकवता प्रत्येकाच्या तळातून हरभऱ्याएवढी कणीक चिमटीने काढली. चाळीस चिमट्या. कुणाला कळणार नाही इतकीच. त्यांचा एक इवलासा गोळा वळला आणि भट्टीच्या पार मागच्या कोपऱ्यात सारला. लोक आपापले पाव घेऊन गेले की मागाहून तो काढायचा, असा तिचा बेत होता.

पण जित्याची खोड. दुपारी दार उघडलं, गल्लीत चाळीस घरांची माणसं उभी होती, आणि ती एकेक पाव काढून देत गेली. कोंबडा, किल्ली, मासा. तीन महिन्यांच्या उपासाने तिच्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती, हात मात्र सवयीने चालत होते. आत काही उरलंय तोवर थांबायचं नाही, हे त्या हातांना बावीस वर्षं ठाऊक होतं. चाळीसावा पाव दिल्यावर फळी पुन्हा आत गेली, कोपऱ्यातला गोळा घेऊन बाहेर आली, आणि बिनशिक्क्याचा तो पाव सगळ्यांपुढे धरून ओर्सोलाने स्वतःच विचारलं, "कुणाचा?"

गल्लीत कुणी हात पुढे केला नाही. आपण काय विचारलं ते तिला मग कळलं.

वेढ्यात पाव चोरणाऱ्याला दरवाजाबाहेर काढत. रुज्जेरोला बोलावणं गेलं. ओर्सोला त्याच्या पायांशी बसली, चाळीस पावांतून चिमूटचिमूट कणीक काढल्याचं तिने कबूल केलं आणि ती म्हणाली, "मला काढा. आत्ता काढा. पण आधी एवढा तिला देऊन येऊ द्या. वर आहे ती, इथंच, एकसष्ट पायऱ्या."

रुज्जेरो म्हणाला, "पाव तुझा नाही. तू तो देऊ शकत नाहीस. ज्यांचा आहे त्यांना तो परत जाईल." आणि त्याने सुरी मागवली. त्या मुठीएवढ्या पावाचे त्याने चाळीस तुकडे केले, अगदी सारखे. ज्याची जेवढी चिमूट गेली तेवढी ज्याला त्याला परत मिळाली. असला काटेकोर न्याय पाहून रडूच यावं. पोरीला गावात राहू द्यायचं, आईला सूर्य मावळायच्या आत बाहेर काढायचं, तोवर तिने भट्टीपासून हलायचं नाही, असं ठरलं. दोन माणसं तिचे दंड धरून उभी राहिली.

आता गल्लीत चाळीस उपाशी माणसं होती आणि प्रत्येकाच्या हातात एक कण होता. ओर्सोलाने एकेकाला नावाने हाक मारायला सुरुवात केली. आधी हाक मारली ती बार्तोलाला. बार्तोला तिची शेजारीण. कारंज्यावरच्या पाण्यावरून दोघींचं वर्षानुवर्षं वाकडं होतं, एकमेकींच्या सात पिढ्यांचा उद्धार करून झाला होता. ओर्सोला म्हणाली, "बार्तोला, तुझंच आहे ते. मी मागत नाही. पण तुझ्या मनात आलं तर वर जा गं."

बार्तोला पायऱ्या चढून गेली. वेळ लागला. मग ती खाली आली. ओर्सोलाने विचारलं, "खाल्लं का तिनं?"

"खाल्लं," बार्तोला म्हणाली. "हळूहळू खाल्लं. वर पाणीही प्यायली."

मग दुसरा गेला, तिसरी गेली. गल्लीतला एकूण एक माणूस आपला कण घेऊन वर गेला आणि रिकाम्या हातांनी खाली आला, आणि प्रत्येकाला ओर्सोलाने तेच विचारलं, आणि प्रत्येकाने तेच सांगितलं. संध्याकाळी दरवाजा उघडला. तिला ढकलावं लागलं नाही. ती आपल्या पायांनी चालत बाहेर गेली, असं सांगतात.

इथे दोनातो थांबला. शरयूताईंनी डोळे पुसले. "पोर जगली ना पण?" त्यांनी मुग्धाला विचारलं. मुग्धाने ते दोनातोला सांगितलं. तो म्हणाला, "चला, वर जाऊ," आणि उठून पायऱ्या चढायला लागला. शरयूताईंना भट्टीच्या ओट्यावर बसवून, त्यांच्याजवळ पाण्याची बाटली ठेवून बाकीची वीस माणसं धापा टाकत त्याच्या मागे गेली.

वर खोलीत काही नव्हतं. दगडी भिंती आणि भिंतीतला एक कोनाडा. दोनातोने सगळे आत येईपर्यंत वाट पाहिली आणि हळू आवाजात सांगितलं. मुग्धाचाही आवाज आपोआप खाली गेला.

बार्तोला वर आली तेव्हा पोर गार पडलेली होती. भट्टीचं दार उघडलं त्याच्याही आधीच केव्हातरी ती गेली असावी. बार्तोलाने तिचा हात हातात घेऊन पाहिला, मग आपला कण तिच्या तळहातावर ठेवला आणि मूठ मिटवली. खाली उतरताना तिने काय ठरवलं ते कुणाला माहीत नाही. तिच्यामागून आला त्याने पोर पाहिली आणि मुठीतला कण पाहिला. त्याने आपला कण तिच्या उशाशी ठेवला आणि तोही खाली जाऊन "खाल्लं" म्हणाला. पायऱ्यांवर चढणारा आणि उतरणारा एकमेकांना भेटत होते, पण वर काय आहे ते कुणी कुणाला सांगितलं नाही. चाळीस माणसं, तीन महिन्यांची उपाशी, त्या उशाशी आली आणि एकानेही आपला कण परत तोंडात टाकला नाही. पुढे कित्येक दिवस तो ढीग तसाच होता. उंदीर खातील म्हणावं तर उंदीर गावात उरलेच नव्हते. वेढा त्यानंतर नऊ दिवसांनी उठला म्हणे.

खटावकरांनी विचारलं, "पण तिला कळलं नसेल का हो? आई होती ती."

मुग्धाने विचारलं. दोनातोने खांदे उडवले. मग म्हणाला, "माझी आजी म्हणायची, ज्याचा विश्वास बसतो तो एकदा विचारतो. तिनं चाळीस वेळा विचारलं."

आजही रोक्काव्हेंतात ही गोष्ट दोन जागी सांगतात. अर्धी खाली भट्टीपाशी, उरलेली वर खोलीत. ज्याला पायऱ्या चढवत नाहीत, म्हातारा असो, पाय मोडलेला असो, नाहीतर पोटुशी बाई असो, त्याला उरलेली अर्धी गोष्ट त्या गावात कुणी सांगत नाही. वर गेलेल्यांनी कण कोनाड्यात ठेवायचा आणि खाली येऊन एकच शब्द बोलायचा. हे करा म्हणून कुणाला बजावावं लागत नाही, असं दोनातो म्हणाला.

त्या दिवशीही त्याने कुणाला बजावलं नाही. एकेकाने आपला तुकडा कोनाड्यात ठेवला. खटावकर सगळ्यांत शेवटी राहिले. त्यांना तो ठेवायला जरा वेळ लागला. मग ते भिंतीचा आधार घेत एकेक पायरी उतरले. त्यांच्या आधी आलेली मंडळी भट्टीपाशी उगाचच बाटल्या उघडत, टोप्या सारख्या करत उभी होती.

शरयूताईंचं त्या सगळ्यांना विचारून झालं होतं. तरी त्या नवऱ्याकडे बघून म्हणाल्या, "काय हो? काय झालं पोरीचं?"

"खाल्लं गं," खटावकर म्हणाले. "सगळं खाल्लं तिनं."

शरयूताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग त्यांनी नवऱ्याचा हात धरला, उठल्या, आणि म्हणाल्या, "बरं झालं बाई." आणि दोन पावलं चालून गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "खाल्लं ना नक्की?"